तोफबाईंचा गोड आठवडा

"मला? मला बोलायला शिकवणार?"

तोफबाईंनी स्टीलचा ट्रे टेबलावर असा आपटला की शेजारच्या वॉर्डात नुकतीच झोपलेली सगळी बाळं एका सुरात रडायला लागली.

"अर्ध्या गावाला मी या जगात आणलंय! आणलंय कसलं, ओढून काढलंय! तेव्हा नाही कुणी म्हणालं, की बाई, जरा हळू आवाजात ओढता का!"

तोफबाई म्हणजे प्रसूतिगृहातल्या सगळ्यात जुन्या सुईण. रीतसर शिकलेल्या, नोंदणी असलेल्या, कोटावर बिल्ला लावणाऱ्या. बायका तोंडावर त्यांना सिस्टर म्हणत. 'तोफबाई' हे नाव पाठीमागे घेतलं जाई, आणि तेही आधी दार लावून! "जोर लाव! अजून लाव! हा काय जोर आहे? बाटलीचं झाकण उघडतेस का?" हा त्यांचा आवाज फाटकाबाहेर गाडी लावणाऱ्यालाही ऐकू जाई. सख्ख्या सुनेलाही त्यांनी सोडलं नव्हतं. सूनबाई मध्यंतरी एकदा पोट धरून, घाबरीघुबरी होऊन दवाखान्यात आली, तर तपासून झाल्यावर तोफबाई दारातून गरजल्या होत्या, "कळा कसल्या डोंबलाच्या! गॅस आहे गॅस! शाळेत मुलांना शिकवतेस ना तू, आणि एवढं कळत नाही?" बाहेरच्या बाकावरच्या बायका हसून हसून वाकल्या. तोफबाई स्वतःही हसल्या. हा किस्सा त्या पुढे आठवडाभर सगळ्यांना रंगवून सांगत होत्या.

तर आता झालं होतं असं. सुईणींच्या नोंदणीचं ठरावीक वर्षांनी नूतनीकरण होतं आणि त्यासाठी नवीन प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. याला तोफबाईंची ना नव्हती. शिकलेलं जुनं होतं, हे त्यांनाही कळत होतं. बाळंतिणीचं रक्त किती गेलं हे मोजायची नवी पद्धत त्यांनी एका दुपारीच उचलली. रबरी बाळाला श्वास द्यायच्या परीक्षेत तर त्या पहिल्या आल्या. ते बाळ खरं असतं तर धावतच घरी गेलं असतं. पण यंदा प्रशिक्षणात एक नवंच प्रकरण घुसलं होतं. आदरपूर्वक संवाद! आणि तिथे तोफबाईंची गाडी अडली.

"तुमच्या आवाजाबद्दल तक्रार आहे," प्रशिक्षक मॅडम म्हणाल्या.

"कुणाची?"

"ते सांगता येत नाही."

"नाव तर सांगा, मी तिला आदरपूर्वक विचारते!"

या मॅडमचा आवाज इतका मऊ, की ऐकायला खुर्चीत पुढे सरकावं लागे. तोफबाईंनी पहिल्याच दिवशी त्यांचं नाव 'मंजूळ मॅडम' ठेवून टाकलं. बरं, बाई स्वतः सुईण. उभी हयात लेबर रूममध्ये काढलेली. त्यामुळे 'तुम्हाला काय कळतंय' हे ठेवणीतलं वाक्य तोफबाईंना काढता येईना, आणि त्याचाच राग जास्त!

"या आठवड्यात वर्ग आहेत, तोवर लेबर रूममध्ये यायचं नाही," मंजूळ मॅडम म्हणाल्या. "पण सराव घरी सुरू करा. हळू बोला. दिलासा द्या. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या. आठवडा संपला की तुम्ही लेबर रूममध्ये काम करा, मी कोपऱ्यात बसून बघेन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर पुढची तुकडी निघेपर्यंत लेबर रूम बंद. लसींच्या कोठारात एक जागा रिकामी आहे."

तोफबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोठार! फ्रीजची राखण! आणि तीही आत्ता? घरात सुनेचे दिवस भरत आलेले. पहिलं नातवंड! ते आपल्याच हातात यावं म्हणून या बाईंनी गेले कित्येक महिने रजा घेतली नव्हती. आपण फ्रीजचं तापमान बघत बसायचं आणि आपल्या नातवंडाला पहिला हात दुसऱ्याच कुणी लावायचा? छे!

"गोडच पाहिजे ना?" घरी जाताना त्या रस्त्यावर एकट्याच मोठमोठ्यानं बोलत होत्या. "अशी गोड होऊन दाखवते की त्या बाईच्या खुर्चीला मुंग्या लागतील!"

समोरून येणारा एक गृहस्थ मुकाट्यानं पलीकडच्या फुटपाथवर गेला.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. ती घरात सगळ्यांना ठाऊक होती, फक्त तोफबाई सोडून. तोफबाई ओरडत असल्या की समजायचं, सगळं आलबेल आहे. नळ गळतोय, ओरडा. पंखा चालू राहिला, ओरडा. पण त्यांच्या सासूबाईंचा शेवटचा रिपोर्ट आला त्या दिवशी त्या घरात शिरल्या, चपला जागच्या जागी ठेवल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, जरा बसता का?" तेव्हापासून या घरानं हळू आवाजाची धास्ती घेतली होती. दवाखान्यातही तेच. खरंच जिवावर बेतलं की तोफबाई ओरडण्यात दम घालवत नसत. त्यांचा आवाज खाली आला की बाकीचे धावायला लागत.

त्या संध्याकाळी यजमान पेपर वाचत बसले होते. पाय टीपॉयवर! एरवी त्या पायांवरून घर डोक्यावर घेतलं असतं. तोफबाईंनी दात आवळले, राग गिळला आणि म्हणाल्या,

"अहो, दमलात का? राहू द्या हं पाय तसेच. चहा टाकू?"

पेपर हळूहळू खाली आला. मागे यजमानांचा चेहरा पांढराफटक!

कारण यजमानांनी आदल्याच दिवशी रक्त तपासायला दिलं होतं आणि रिपोर्ट तोफबाई घेऊन येणार होत्या.

"रि... रिपोर्ट आणलास?"

"आणला ना. पर्समध्ये आहे. त्याचं काय एवढं? तुम्ही आधी निवांत चहा घ्या."

खरं म्हणजे तोफबाईंनी तो उघडलाही नव्हता. मंजूळ मॅडमच्या रागात पर्सच्या तळाशी कोंबून टाकला होता. पण हे यजमानांना कसं कळणार? पर्स उघडून बघायची त्यांची छाती झाली नाही. त्यांनी चहा घेतला आणि एरवी अर्ध्या चमच्यावर भागवणाऱ्या बायकोनं त्यात दोन चमचे साखर घातलेली पाहून त्यांचा उरलासुरला धीरही सुटला.

जेवताना सूनबाईची पाळी आली. रोजचं वाक्य होतं, "सरळ बस! पोटात बाळ आहे, बोचकं नाही!" आज तोफबाई म्हणाल्या, "पाठीला उशी देऊ का गं बाळा? तुला काही सांगायचं असलं तर सांग हं. मी पूर्ण ऐकून घेईन."

सूनबाईच्या हातातला घास हातातच राहिला. सकाळीच तपासणी झाली होती. बाळाचे ठोके सासूबाईंनी स्वतः ऐकले होते, आणि मग पुढच्या बाईवर ओरडायच्या घाईत तिला चकार शब्द न बोलता टेबलावरून उठवलं होतं. ती खोलीत गेली आणि नवऱ्यापुढे रडायला लागली.

"बाळाचं काहीतरी बिनसलंय! आईंनी मला उशी दिली!"

मग बाल्कनीत दार लावून गुप्त बैठक झाली.

"बाळाचं काही नाही," यजमान म्हणाले. "माझंच आहे. मला दोन चमचे साखर दिली तिनं."

"नाही हो बाबा, बाळाचंच. मला 'बाळा' म्हणाल्या!"

"तुला 'बाळा'च म्हटलं. मला 'निवांत' म्हणाली. निवांत! लग्न झाल्यापासून हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नव्हता."

"कदाचित दोन्ही असेल," चिरंजीव म्हणाले, आणि दोघांनीही त्यांच्याकडे असं पाहिलं की ते कुंड्यांना पाणी घालायला लागले.

शेवटी ठरलं की आईला काही विचारायचं नाही. बिचारी सगळं एकटीच सहन करते आहे, आपण तिला जपायचं. दुसऱ्या दिवशी यजमानांनी वडिलांपासून चालत आलेलं, कुणाला हातही लावू न दिलेलं मनगटी घड्याळ चिरंजीवांच्या हातात ठेवलं. "रोज सकाळी किल्ली देत जा," एवढंच म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

आणि घर सुधारलं हो! नळ घट्ट बंद. पंखे बंद. चपला रांगेत. पाय टीपॉयवरून कायमचे उतरलेले. तोफबाई चाटच पडल्या. एवढी वर्षं आपण उगाच घसा फोडला की काय? पण कबूल कसं करायचं? आणि आतला राग काही कमी होईना. दिवसभर दात आवळून जबडा ठणकायला लागला. शेवटी त्यांनी उपाय शोधला. आंघोळीला गेल्यावर नळ धो धो सोडायचा, बादलीत तोंड घालायचं आणि मंजूळ मॅडमच्या नावानं मनसोक्त ओरडून घ्यायचं!

बाहेर दाराला कान लावून तिघं उभे.

"आई रडतेय," चिरंजीव कुजबुजले.

यजमानांनी डोळे पुसले. सूनबाईनं पोटावर हात ठेवला. त्या रात्री घरात कुणी धड जेवलं नाही, आणि "का गं, भूक नाही का?" असं तोफबाईंनी प्रेमानं विचारल्यावर तर उरलेली भूकही गेली.

परीक्षेचा दिवस उजाडला. तोफबाई कोट चढवून लेबर रूममध्ये हजर. कोपऱ्यात स्टुलावर मंजूळ मॅडम. पहिली बाई कोण येते याची सगळे वाट बघत होते, एवढ्यात दार उघडलं आणि चिरंजीवांच्या खांद्यावर भार टाकून सूनबाईच आत आली!

एका नजरेत तोफबाईंना कळलं की ही आत्ता सुरू झालेली केस नाही. कळा केव्हाच्या येत असणार. 'अगं बये, एवढा वेळ काय झोपा काढत होतीस!' हे वाक्य ओठांपर्यंत आलं. कोपऱ्यात मंजूळ मॅडमनी मान किंचित तिरकी केली. तोफबाईंनी वाक्य गिळलं.

"ये गं बाळा," त्या म्हणाल्या. "अशी हळूच झोप. काही घाबरायचं नाही. मी आहे ना?"

ट्रॉलीजवळ उभ्या असलेल्या धाकट्या सिस्टरच्या हातून कापसाचं बंडल पडलं. तोफबाईंचा हा आवाज तिनं आजवर एकदाच ऐकला होता, आणि त्या दिवशी सगळ्या दवाखान्याचं धाबं दणाणलं होतं. तिनं मागचापुढचा विचार न करता भिंतीवरची धोक्याची बेल दाबली.

डॉक्टर धावत आले. तोंडात अर्धं बिस्कीट.

"काय झालं?"

"काही नाही डॉक्टर," तोफबाई मधाळ आवाजात म्हणाल्या. "सगळं अगदी छान चाललंय."

डॉक्टरांनी बिस्कीट न चावताच गिळलं. "एवढं वाईट?"

आणि मग काय विचारता! ऑपरेशन थिएटर उघडलं गेलं. रक्ताच्या पिशव्यांसाठी माणूस पळाला. बालरोगतज्ज्ञांना निरोप गेला. धाकटी सिस्टर मॉनिटरकडे बघून किंचाळली, "डॉक्टर, मशीन बिघडलंय! ठोके नॉर्मल दाखवतंय!" लगेच दुसरं मशीन आलं. तेही नॉर्मल दाखवायला लागल्यावर डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आजच दोन्ही बिघडायची होती!"

"अहो, बिघडलेली नाहीत, बाळ खरंच ठीक आहे," तोफबाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या.

"सिस्टर, तुम्ही सासू आहात. तुमची मनःस्थिती आम्ही समजू शकतो."

तोफबाईंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. कोपऱ्यात मंजूळ मॅडमही आता स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. आदरपूर्वक संवादानं एवढी पळापळ झालेली त्यांनी कधी पाहिली नसावी.

"आई," सूनबाईनं त्यांचा हात घट्ट धरला. "खरं सांगा. बाळ... आहे ना?"

"आहे गं माझी राणी. छान आहे."

'राणी' ऐकल्याबरोबर सूनबाईनं हंबरडा फोडला! तिनं अंग आखडून घेतलं, श्वास धरून ठेवला आणि जोर लावणंच सोडून दिलं. जणू बाळ बाहेर आलं नाही, तर वाईट बातमीही बाहेर येणार नव्हती. बाहेर बाकावर यजमान कान देऊन बसले होते. आतून ओरडण्याचा आवाज येत नाही म्हटल्यावर त्यांनीही हातपाय गाळले.

"बाई जोर लावत नाहीये," डॉक्टर म्हणाले. "थांबण्यात अर्थ नाही. थिएटरमध्ये घ्या."

तोफबाईंनी पाहिलं. बाळाचं डोकं समोर, हाताच्या अंतरावर. ठोके खणखणीत. आणि या धडधाकट पोरीचं पोट फाडायला निघालेत, का, तर मी गोड बोलते आहे म्हणून! त्यांनी एकवार कोपऱ्याकडे पाहिलं. लसींचं कोठार डोळ्यांपुढे आलं. तो फ्रीज, ते तापमान, ती एकटी खुर्ची. मग त्यांनी सुनेकडे पाहिलं. भीतीनं तिचे ओठ निळसर पडले होते.

"बास!"

खिडकीच्या काचा थरथरल्या.

"बास झाला हा गोडवा! अगं ए शहाणे, रडतेस काय? बाळ घोड्यासारखं दौडतंय! डोकं दारात आलंय आणि तू दार लावून बसलीयस? डॉक्टर, तुम्ही हात लावू नका स्ट्रेचरला! धाकटे, ती बेल बंद कर, कान किटले माझे! आणि ते दुसरं मशीन कोणत्या गाढवानं आणलं? पाय ठेवायला जागा नाही इथे!"

डॉक्टरांचा चेहरा उजळला.

"ओरडल्या! म्हणजे ठीक आहे सगळं!" त्यांनी कपाळावरचा घाम पुसला आणि ते उरलेला चहा प्यायला निघून गेले. धाकट्या सिस्टरचा जीव भांड्यात पडला. बाहेर यजमान बाकावरून ताडकन उठले, "अरे, ओरडली! ओरडली रे!" म्हणत त्यांनी चिरंजीवांना मिठी मारली.

आत सूनबाई रडता रडता हसत होती. "आई, खरंच ना?"

"खरं नाही तर काय खोटं? जोर लाव! हा काय जोर आहे? बाटलीचं झाकण उघडतेस का?"

आणि थोड्याच वेळात तोफबाईंच्या हातात नात आली. आली ती दोन्ही मुठी वळून, सगळ्या खोलीवर चिडून ओरडत!

"आजीवर गेली," धाकटी सिस्टर म्हणाली, आणि लगेच पडद्यामागे झाली.

सगळी आवराआवर झाल्यावर मंजूळ मॅडम खाटेजवळ आल्या. नात आजीच्या हातावर नुकतीच झोपली होती.

"करा नापास," तोफबाई गुरगुरल्या. "द्या ते कोठार. माझं काम झालं, मला नात मिळाली. पण त्या तक्रार करणाऱ्या बयेचं नाव मला कळलंच पाहिजे!"

उत्तर आलं ते खाटेवरून, सूनबाईकडून.

"आई... ती मीच."

"काय?"

"या मॅडमनी तपासणीला आलेल्या सगळ्याच बायकांना विचारलं होतं, इथे काय बदलायला हवं. मी म्हटलं, माझ्या सासूबाई फार चांगल्या आहेत. पण त्या दिवशी तुम्ही गॅस म्हणालात आणि अख्खा बाक हसला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणून आज पहाटेपासून कळा येत होत्या तरी बोलले नाही. वाटलं, पुन्हा गॅसच निघाला तर?"

पहाटेपासून! घरात सुईण, आणि तिच्याच सुनेनं कळा लपवल्या! तोफबाईंना सुनेचा राग आला. मग त्या बाकावरच्या बायकांचा आला. मग आठवलं, की त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं होतं. त्यासरशी स्वतःचाच असा संताप आला, की त्यांनी ओरडायला छाती भरून श्वास घेतला.

हातावरची नात चुळबुळली.

तो सगळा श्वास मग बारीक होऊन, फुसफुसत बाहेर आला.

"मूर्ख मुली! पहाटेपासून? रस्त्यात झाली असती म्हणजे? गॅस तर गॅस, शंभरदा ये! मी तेव्हा बोलले ते चुकलं माझं, साफ चुकलं. पण म्हणून सांगायचं नाही? अक्कल गहाण ठेवली होतीस? कुणी हसू दे तर तिथे, एकेकीला बघून घेते!"

शब्दाशब्दाला अंगार, पण आवाज असा, की नातीच्या पापणीचा केसही हलला नाही. सूनबाईनं डोळे पुसले आणि शांतपणे उशीवर डोकं टेकलं. ती मुळीच घाबरली नव्हती.

"सिस्टर," मंजूळ मॅडम हसून म्हणाल्या, "आठवडाभर मी हेच शिकवत होते. आवाज खाली, बोलणं खरं. तुम्ही पास आहात."

आठवडाभर दुखलेला जबडा, बादली, ती सगळी पळापळ, सगळं तोफबाईंना एकदम आठवलं. या बाईला असं काही सुनवावं की पुन्हा नाव काढणार नाही! पण नात झोपली होती. त्यांनी फक्त डोळे वटारले.

एवढ्यात दारातून यजमानांनी डोकं आत घातलं. मागे चिरंजीव. नात पाहून झाली, डोळे भरून आले, तरी यजमान जागचे हलेनात.

"अगं... आणि माझं काय?"

"तुमचं काय?"

"रिपोर्ट. सांग एकदाचं. माझी तयारी आहे."

"कुठला रिपोर्ट?" तोफबाईंनी एका हातानं पर्स चाचपली, तळातून चुरगळलेला लिफाफा काढला आणि कागद उघडला. वाचता वाचता त्यांचा चेहरा लाल होत गेला.

"साखर वाढलीय!" त्या फुसफुसल्या. "वाढणारच! चोरून बिस्किटं खाता, मला कळत नाही वाटतं? उद्यापासून बिनसाखरेचा चहा! रोज सकाळी चालायला जायचं! कारणं सांगायची नाहीत! आणि ते पाय टीपॉयवर दिसले ना पुन्हा, तर टीपॉयसकट घराबाहेर काढीन!"

यजमानांनी हुश्श केलं, डोळे पुसले आणि मागे वळून चिरंजीवांपुढे हात पसरला.

"आण ते घड्याळ इकडे."